पेन्सिलीएवढी धार

१

लेम्पी रुओनाच्या स्वयंपाकघरातली लाकडी जमीन फुगून वर आली होती. सिंकमागच्या भिंतीचा गिलावा ओल्या पावासारखा गळून पडला होता आणि तळघरात नडग्यांपर्यंत पाणी होतं. विमा कंपनीची तपासनीस म्हणून फुटलेले पाइप मी दर हिवाळ्यात बघते. आमच्या आयर्न बेंड गावात घरं खाणवाल्यांच्या काळातली, आणि सुपिरिअर सरोवरावरून येणारा वारा कोणाच्या बापाचा नाही. तेव्हा पाइप फुटण्याचं मला नवल नव्हतं. चीड आली ती माणसांची.

"नळ बंद होता," प्लंबर हर्ब बोशाँ म्हणाला. त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. अर्ध्या गावात पाणी गोठलं होतं. "म्हातारी विसरली. लिही आणि मोकळी हो, नोरीन."

जानेवारीपासून नगरपालिकेचा 'लेट रन'चा, म्हणजे 'वाहू द्या'चा हुकूम लागू होता. आमच्याकडे तो दर हिवाळ्यात निघतो. प्रत्येक घरानं एका नळाला पेन्सिलीएवढी जाड धार रात्रंदिवस सोडून ठेवायची, म्हणजे रस्त्याखालची नळी गोठत नाही. दारादारांवर पाट्या लागतात. इथली पोरं बोलायच्या आधी ती धार मापायला शिकतात.

लेम्पीबाई दारात उभ्या होत्या. डाव्या डोळ्यावर पट्टी. गुरुवारी त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मार्केट शहरात गेल्या, तिथे मैत्रिणीकडे राहिल्या आणि रविवारी संध्याकाळी परत आल्या, तर घरात हे.

"मी धार सोडून गेले होते," त्या म्हणाल्या. "नळाला लोकरीचा धागासुद्धा बांधला होता. धाग्यावरून पाणी उतरलं की आवाज होत नाही. वरच्या भाडेकरू मुलीला झोप लागत नाही ना."

धागा नळाला अजून बांधलेला होता. नळ मात्र घट्ट पिळून बंद.

"आत्या, होतं असं," मागून आवाज आला. त्यांचा भाचा रॉडनी कांगास. चर्चच्या मंडळावरचा, मऊ बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. "वय झालं की होतं. कोणी तुला दोष देत नाही." मग मला दोनच पावलं बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कोर्टात सुनावणी आहे. आत्याला आता एकटं ठेवणं बरं नाही. तिची देखरेख माझ्याकडे यावी, असा अर्ज केलाय. तुम्ही निष्काळजीपणा लिहिलात की न्यायाधीशांनाही सोपं जाईल."

म्हणजे माझ्या एका शब्दावर ही बाई स्वतःच्या बापानं बांधलेल्या घरातून उचलली जाणार होती आणि वृद्धाश्रमाच्या खोलीत नेऊन ठेवली जाणार होती. आणि ज्याला तिची एवढी काळजी, तो तिच्या समोरच तिच्या डोक्याबद्दल बोलत होता, जणू तिचा कानही गेलाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग हा पुरावा नव्हे. मी वळून लेम्पीबाईंकडे पाहिलं, तर त्या स्वतःच्याच उजव्या हाताकडे बघत होत्या.

"नोरीन," त्या हळूच म्हणाल्या, "खरंच मीच बंद केला असेल का गं?"

२

हर्बनं फुटका पाइप कापून माझ्या हातात दिला. तांब्याची नळी एका जागी पोटुशी बाईसारखी फुगली होती आणि तिथेच उभी उसवली होती.

"रविवारी दुपारी फुटला," तो म्हणाला.

"रविवारी दुपारी ऊन पडलं होतं, हर्ब. छपरांवरून पागोळ्या गळत होत्या."

"मग?"

"मग उन्हात पाइप फुटतो का? तो थंडीत फुटतो आणि उन्हात रडतो. आत बर्फाची गुठळी आहे तोवर गळायला पाणीच नसतं. गुठळी वितळली की धबधबा."

हर्बनं खांदे उडवले. हे त्यालाही ठाऊक होतं, पण फोन वाजत असताना विचार कोण करतो? सगळं गाव रविवारी दुपारी घरात कोण होतं एवढंच विचारत होतं. कामाचा प्रश्न निराळा होता. शुक्रवार-शनिवारी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, इथे कोण आलं होतं?

वरच्या मजल्यावर लेम्पीबाईंची भाडेकरू राहते, मारिसोल ओचोआ. शाळेत नवी आलेली संगीत शिक्षिका, ॲरिझोनाच्या वाळवंटातली. हा तिचा पहिला हिवाळा. तिनं दार उघडलं तेव्हा अंगावर दोन स्वेटर होते आणि डोळे रडून लाल झाले होते.

"सगळे माझ्याकडे बघतायत," ती म्हणाली. "रविवारी मीच एकटी घरात होते ना! दुकानात बाया बोलायच्या थांबल्या मला बघून."

"पाण्याच्या आवाजाची तक्रार तू केली होतीस?"

"केली होती, डिसेंबरात. मिसेस रुओनांनी लगेच धागा बांधला. तेव्हापासून आवाजच नाही. शप्पथ!"

"मग बंद झाला तेही तुला कळलं नसेल."

"कसं कळणार? माझी मोरी वेगळी, तिचा पाइप धुराड्याजवळून येतो. माझं पाणी चालू होतं."

"खालची किल्ली तुझ्याकडे आहे?"

तिनं होकारार्थी मान हलवली. "तळघरातनं काही हवं असलं की त्या मलाच आणायला सांगतात. त्यांना तो उभा जिना उतरवत नाही, कमरेचं हाड बसवल्यापासून."

"आणि धार का सोडतात, ते माहीत आहे?"

मारिसोल ओशाळली. "खरं सांगू? दारावर 'लेट रन'ची पाटी बघून मला वाटलं, 'रन' म्हणजे पळणं, तेव्हा शेजाऱ्यांचा कुत्रा मोकळा सोडायचा असतो. कालच शेजारच्या वायनोनं सांगितलं मला, तेही ओरडून."

मला हसू आलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते मी गिळलं. परक्या गावात पोर एकटी, आणि गाव तिच्याकडे बोट दाखवून मोकळं झालेलं. साप साप म्हणून भुई धोपटायला लोकांना काय लागतं!

"अजून कोणाकडे किल्ली आहे?" मी विचारलं.

"रॉडनीकडे. नवं कुलूप त्यानंच बसवलं ना, शरद ऋतूत."

३

रॉडनी आपल्या ऑफिसात निसू, म्हणजे वेलदोड्याचा पाव, आणि कॉफी घेऊन माझी वाट बघत होता. बर्फावर स्नोमोबाइल उडवायला येणाऱ्या पाहुण्यांना तो भाड्यानं देतो, त्या घरांचे फोटो भिंतीवर होते. लाकडी गच्च्या, वाफाळणारे टब, खिडकीत सरोवर.

"निसू घ्या," तो म्हणाला. "बायकोनं केलाय."

मी घेतला. रागावर पाव चांगला लागतो.

"रविवारी मी ग्रीन बे शहरात होतो," त्यानं आपण होऊन सांगितलं. "पोराची हॉकीची मॅच. शंभर माणसांनी पाहिलं असेल मला. आत्याकडे मी असतो तर पाणी एवढं पसरलंच नसतं."

"शुक्रवार-शनिवारी?"

कप ओठांपर्यंत नेता नेता तो क्षणभर थांबला. "गुरुवारी, आत्या गेल्यावर, बर्फ काढून आलो. शुक्रवारी एकदा गाडीतूनच नजर टाकली. बस्स."

"आत गेला नाहीत?"

"नाही. माझा पाय उंबऱ्यालासुद्धा लागला नाही. आता मलाच बोच लागून राहिलीय. आत गेलो असतो तर नळ बंद दिसला असता ना!" त्यानं डोळे मिटले. "पण ती कोणाला घरात नाक खुपसू देत नाही. माझे आजोबा त्या घरात जन्मभर राबले, माझे वडील तिथेच वाढले. पण घर गेलं आत्याकडे. मी काही म्हणत नाही. तिला तिथे सुखानं राहता आलं असतं, तर मी कशाला मध्ये पडलो असतो?"

"आणि त्या गेल्यावर घराचं काय?"

"ते नंतर बघू," तो म्हणाला, आणि त्याची नजर भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. एवढीशी. पण गेली.

मी निघाले. चर्चपाशी दोन बायका भेटल्या. "गुणी आहे हो रॉडनी," एक म्हणाली. "एवढ्या थंडीत आत्याच्या घराभोवतीचा बर्फ काढत होता. अगदी मागच्या भिंतीपर्यंत!"

मी चार पावलं पुढे गेले आणि जागच्या जागी थांबले. मागच्या भिंतीपर्यंत?

४

मागच्या भिंतीला दार नाही. तिकडून कोणी जात नाही, येत नाही.

लेम्पीबाईंचं स्वयंपाकघर मूळ घराला उत्तरेकडे मागून जोडलेलं. त्याच्याखाली तळघर नाही, हातभर पोकळी आहे, आणि सिंकचा पाइप त्या पोकळीतूनच वर येतो. आमच्याकडे अशा भिंतीच्या पायाला थंडीच्या आधी स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या लावतात आणि वर बर्फ चढू देतात. बर्फासारखी गोधडी नाही. आपण वाटेवरचा बर्फ काढतो. भिंतीवरचा बर्फ काढणारा माणूस आयर्न बेंडमध्ये जन्मला असेल, तर तो वेडा तरी असतो, नाही तर लबाड.

मी जाऊन बघितलं. फांद्या बाजूला फेकलेल्या, भिंत जमिनीपर्यंत उघडी, आणि वारा त्या पोकळीत शीळ घालत होता.

"चोर सापडला का?" कुंपणापलीकडून कोणी ओरडलं. शेजारी वायनो सालमेला. याचं आणि लेम्पीबाईंचं भांडण आमच्या गावात रस्त्यांच्या नावांइतकं जुनं आहे. वायनो यंत्रानं आपल्या दारातला बर्फ उडवतो तो थेट त्यांच्या भिंतीवर. त्यांची खिडकी झाकली जाते, त्या ओरडतात, हा जास्त उडवतो.

"तुमच्यावरही संशय आहे, वायनो."

"असू दे! मीच म्हटलं होतं तिला, तुझा पाइप फुटो म्हणून. पण मी जाणार कुठून आत? पूर्वी भांडायला थेट स्वयंपाकघरात जायचो, बूट काढून. आता त्या दीडशहाण्यानं कुलूप बसवलं. रविवारी ती गाणारी पोर बोंबलत आली, तिनं उघडलं, तेव्हा कुठे तळघरात उतरून मुख्य कॉक बंद केला. नडग्यांपर्यंत बर्फाचं पाणी. कोणी आभार मानले का? नाही!"

"भिंतीवरचा बर्फ कधी काढला त्यानं?"

"गुरुवारी. ती गाडीत बसून गेली आणि हा फावडं घेऊन हजर. काढायचा तर दारातला काढ की! मी एवढा मेहनतीनं तिच्या भिंतीवर उडवलेला." तो थबकला, कारण आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं. मग घसा खाकरून म्हणाला, "तिला सांगू नकोस."

मला हसू आवरेना. एवढ्या वर्षांच्या भांडणात हा माणूस तिच्या पाइपाला पांघरूण घालत होता.

"पण विसराळू झालीय हे खरं हं," तो मान हलवत म्हणाला. "वरचा नळ बंद करून गेली. तेवढं बरं, खाली तळघरात कपडे धुवायच्या टबाला धार सोडली होती. बरोबर पेन्सिलीएवढी. कॉक बंद केला तेव्हा थांबली ती."

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगू? कोणी विचारलं?"

मी परत घरात गेले आणि तळघराचं दार उघडलं. जिना शिडीसारखा उभा. वरच्या पायऱ्यांवर मुरंब्याचे आणि माशांच्या लोणच्याचे डबे ओळीनं मांडलेले, धूळ बसलेली. ज्या बाईला हा जिना उतरताच येत नाही, तिनं खालच्या टबाला धार कशी सोडली?

५

मी त्या पायरीवर बसले आणि एकेकाला तपासून पाहिलं.

विसराळू बाई एक नळ बंद करून गेली असती, तर दुसरा उघडायला खाली उतरली नसती. मारिसोलनं बंद केला असता, तर तिनं दुसरा उघडलाच नसता, कारण धार कशाला सोडतात हेच तिला ठाऊक नव्हतं. वायनोकडे किल्ली नाही. ज्यानं वरचा नळ पिळला, त्याला एक पाइप फुटायला हवा होता, पण रस्त्याखालची नळी मात्र शाबूत हवी होती. ती गोठली की मे महिन्यात जमीन मऊ होईपर्यंत घराला पाणी नाही. त्याला घर मोडायचं नव्हतं. म्हातारीला मोडायचं होतं.

आणि हात! इथे वाढलेल्या माणसाचा हात. 'लेट रन'च्या दिवसांत घरातली शेवटची धार बंद करून बाहेर पडणं आम्हाला जमत नाही, जसं कोणाला दिवा न विझवता झोपता येत नाही. चोरी करायला आलेला माणूसही इथे धार तपासून जाईल.

पण हे सगळं माझ्या डोक्यातलं. रॉडनी म्हणणार, आत्यानं कोणाकडून तरी उघडवून घेतला असेल. कोर्टाला माणसाच्या तोंडचं काही तरी लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना मारिसोलच्या खोलीत बोलावलं. हा जिना रुंद आणि कठड्याचा, म्हणून लेम्पीबाई तिथेच राहत होत्या, आणि पाणी बादल्यांनी येत होतं वायनोच्या घरून. तो प्रत्येक बादलीला एक शिवी देत होता आणि बादली भरून देत होता. हर्ब जिन्यात पान्हे गोळा करत होता. रॉडनी आला, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला.

"माझं काम झालं," मी म्हटलं. "वाईट बातमी आहे, रॉडनी. पाइपाचं काही नाही, तो बदलता येईल. पण रस्त्याखालची नळीही गोठलीय. आता मे महिन्यापर्यंत घर कोरडं. जमीन खणून—"

"शक्यच नाही!" रॉडनी ताडकन उठला. "टबाची धार चालू होती की—"

तो थांबला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं.

"कुठली धार?" मी विचारलं. "टबाची धार वायनोनं पाहिली, रविवारी. बंद केली, आणि माझ्याशिवाय कोणाला सांगितली नाही. तुमचा तर पाय उंबऱ्याला लागला नव्हता."

"मी... आत्याची सवय... ती नेहमी सोडते खाली."

"मी?" लेम्पीबाई म्हणाल्या. "कमरेचं हाड बसवल्यापासून मी तळघर पाहिलेलं नाही, रॉडनी. तू त्या जिन्यावर डबे मांडून दिलेस, मी उतरू नये म्हणून."

"आणि नळी गोठलेली नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. गुरुवारी तुम्ही भिंतीवरची गोधडी काढलीत, शुक्रवारी किल्लीनं आत गेलात, वरचा नळ पिळलात, आणि जाता जाता खालच्या टबाला धार सोडलीत. रविवारसाठी शंभर साक्षीदार जमवलेत, कारण पाणी उन्हातच बाहेर पडणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कुलूपही तुमचंच. ते बसवलं नसतंत, तर अर्ध्या गावावर संशय घेता आला असता."

"घर वाचावं म्हणूनच केलं ना मी!" रॉडनीचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "नळी गोठू दिली असती तर? मी काळजी घेतली. कोणाला इजा झाली? एक जमीन फुगली. मी पुन्हा घालून देणार होतो. ती एकटी त्या खोपटात मरायची वाट बघत बसणार, आणि मी काय करायचं?"

"पाइपाची काळजी घेतलीस," लेम्पीबाई म्हणाल्या. "फुटलेला पाइप हर्ब जोडेल. पण दोन दिवस मी माझ्या हाताकडे बघत बसले होते, रॉडनी. देवाची प्रार्थना करताना शब्द आठवतायत ना, ते मोजत होते. सकाळी दात घासलेत का, हे या मुलीला विचारत होते. तू माझी जमीन फोडलीस त्याचं मला काही नाही. तू माझा माझ्यावरचा विश्वास फोडलास. हलकट!"

मारिसोलनं त्यांचा हात धरला. दारात उभ्या वायनोनं बादली खाली ठेवली, आणि पहिल्यांदाच त्याला शिवी सुचली नाही.

रॉडनी खाली बसला. मग जुना आवाज परत आणायचा प्रयत्न करत म्हणाला, "आत्या, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात ठेवू. मी आजच कोर्टात फोन करतो. अर्ज मागे घेतो. सुनावणी रद्द."

मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. दमलेली माणसं हो म्हणतात. आणि मग गावाच्या तोंडी कायमचं राहील, की बिचारी विसरली, भाच्यानं मोठ्या मनानं सोडून दिलं.

लेम्पीबाई उठल्या. पट्टीखालचा डोळा दुखत असावा, कारण त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"रद्द कशाला?" त्या म्हणाल्या. "मी विसरते हे ठरवायला न्यायाधीश येणार, डॉक्टर येणार, चर्चची मंडळी येणार, सगळे चांगले कपडे घालून येणार ना? त्यांना येऊ दे. नोरीन, तुझी गाडी आण त्या दिवशी. मला त्या सगळ्यांसमोर उभं राहायचंय, आणि मला काय काय आठवतं ते सांगायचंय."